एका हाकेला ओ द्यायची नाही

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय हे.

सप्टेंबर १९८४. अमेरिकेत मिनेसोटाच्या पार उत्तरेला एक तळं. संध्याकाळ.

तळं कसलं, समुद्रच तो! पूर्वी रस्ते नव्हते तेव्हा तिथली माणसं ज्या बोटीनं ये-जा करायची, ती जुनी बोट अजून चालायची. खास तिच्यासाठी शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून, आमच्या घरून, ड्राइव्ह करत गेलो. मी, माझा नवरा संजीव आणि त्याचा मित्र राजाराम. राजाराम वर्ध्याचा, पीएचडी करत होता. दर शनिवारी जेवायला आमच्याकडे. पिठलं केलं की ताटावरून उठायचाच नाही मेला.

"वहिनी, मागे जाऊन दोन फोटो काढून आलोच," बोट तळ्याच्या मध्यावर आल्यावर तो म्हणाला आणि बोटीच्या मागच्या टोकाला गेला.

तेवढ्यात धुकं उतरलं. कॅप्टननं इंजिन बंद केलं.

सगळं चिडीचूप...

आणि हाक आली.

"नंदावहिनी..."

आवाज राजारामचाच. पण मागून नाही. बोटीच्या पुढून... पाण्यावरून!

संजीव ओ द्यायला उठला. मी त्याचं तोंडच दाबलं.

"गप्प बस! एका हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं. माणूस असेल तर पुन्हा मारेल."

"वेडी आहेस का? आपला राजाराम आहे तो!"

"तो मागे गेलाय. हा आवाज कुठून येतोय बघ तरी!"

आम्ही दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलो...

ती आलीच नाही.

धुकं विरलं तेव्हा मागे कठड्याला नुसता कॅमेरा लटकत होता.

खूप शोधलं. राजाराम सापडला नाही.

संजीव मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

डिसेंबरात मी वर्ध्याला त्याच्या आईकडे गेले. सगळं सांगायचं, पाय धरायचे, असं ठरवूनच. काकूंनी चहा दिला, जवळ बसवलं.

"जाताना कोणाला हाक मारली का गं त्यानं?"

खरं सांगायचा धीरच झाला नाही.

"नाही काकू."

काकूंनी अंगणाकडे बोट केलं.

"मग रोज दिवेलागणीला आमच्या अंगणात 'नंदावहिनी' म्हणून कोण हाक मारतं?"

मी कप खाली ठेवला आणि उठलेच.

"आज थांब," काकूंनी माझा हात धरला. "एकदा ओ दे त्याला. माझ्या ओ देण्यानं नाही गं भागत त्याचं."

मी थांबले नाही. चारची एसटी पकडली.

आता काकूही नाहीत. घराला कुलूप आहे म्हणे. पण तो येत असणार... आणि मला अजून वर्ध्याला जायचा धीर होत नाही.