डाव्या हाताची साथ

ऑक्टोबरची छाटणी होऊन चाळीसेक दिवस लोटले की दिंडोरीच्या त्या प्रयोगशाळेत कागदी पिशव्यांचा ढीग लागतो. पिशव्यांत द्राक्षाच्या पानांचे देठ असतात. ते धुवायचे, वाळवायचे, दळायचे, आम्लात विरघळवायचे आणि वेलीला काय कमी पडतंय त्याचा आकडा काढायचा. उज्वला निकम एकवीस वर्षं हेच करत आली होती. आकडा मनाला पटला नाही तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, मग बाहेर शेतकरी कितीही ताटकळत बसलेला असो. "मॅडमचा रिपोर्ट म्हंजी काळ्या दगडावरची रेघ," असं लहानू म्हणायचा. लहानू तिथला मदतनीस, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, कामापुरतं बोलणारा माणूस.

त्या दिवाळीला उज्वलाची मुलगी आरोही पुण्याहून नाशिकला घरी आली आणि परत जाताना एक वस्तू मागे ठेवून गेली. जेवणाच्या डब्याएवढा सिंथेसायझर. पंचवीस बारक्या पट्ट्या, चार गोल बटणं, तळहातात मावेल एवढा पडदा, चालायचा बॅटरीवर. विसरली असेल म्हणून उज्वलाने फोन केला.

"मुद्दामच ठेवलाय, आई. मी मोठा घेतलाय. हा तू वाजव."

"मी आता काय वाजवणार?"

"हॉस्टेलवर वाजवायचीस ना? तूच सांगितलंस."

सांगितलं होतं खरं, पण अर्धंच.

दोन आठवडे तो फ्रिजवर पडून राहिला. मग एका सोमवारी, अठरा नोव्हेंबरला, तिने तो डब्याच्या पिशवीत टाकला आणि दुपारी एक वाजता प्रयोगशाळेच्या गच्चीवर गेली. थंडीतलं पिवळं ऊन होतं. खाली बागांची हिरवी छपरं, कुठेतरी फवारणीच्या ट्रॅक्टरचा घरघराट, लांबवर रामशेजचा डोंगर. पहिली पट्टी दाबली तेव्हा डास गुणगुणल्यासारखा आवाज आला. तिने एक बटण फिरवलं, आवाज जाडसर झाला. दुसरं फिरवलं, तर तोच सूर पाण्याखाली बासरी वाजावी तसा ओला होऊन आला. ती हसली. एकटीच, मोठ्याने. बोटं आखडली होती, तिसरं चौथ्याला अडखळत होतं. पण पाच मिनिटांत हात आपल्या वाटेला लागला, गुरं संध्याकाळी घराच्या वाटेला लागतात तसा. डब्यातली मेथीची भाजी गार झाली. लहानू जिन्यात येऊन खाकरला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि तेवढा वेळ आपण कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची मॅडम नव्हतो हे तिला तेव्हा कळलं.

बोटं वाजवत होती ती धून तिच्या एकटीची नव्हती. सत्त्याण्णव साली नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या हॉस्टेलवर उज्वला आणि बिलकिस एका खोलीत राहायच्या. उज्वला नांदगावची, बिलकिस मालेगावची, दोघी केमिस्ट्रीला. हॉस्टेलच्या हॉलमध्ये कुणीतरी देणगी दिलेला जुना कॅसिओ होता आणि त्याच्यापुढे एक आखूड बाक. प्रॅक्टिकल नसलं की दुपारी दोघी त्यावर दाटीवाटीने बसायच्या. वरचे सूर उज्वला वाजवायची, खालचे जाड सूर बिलकिस, तिच्या डावीकडे बसून डाव्या हाताने. लहानपणी घरच्या यंत्रमागात अडकून तिच्या त्या हाताच्या करंगळीचं पेर कायमचं ताठ झालं होतं. त्यामुळे चौथ्या ठोक्याला तिचा सूर केसभर उशिरा पडायचा. तो उशीरच त्या धुनेचा जीव होता.

शेवटच्या वर्षी बिलकिसचं लग्न ठरलं. "नक्की ये. आपली धून वाजवू," असं तिने बजावून सांगितलं होतं. उज्वलाच्या वडिलांनी मालेगावला जाऊ दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर उज्वलाने फारसा हट्टही धरला नाही. नंतर दोन पत्रं आली. पहिल्याचं उत्तर उद्या लिहू म्हणता म्हणता दुसरं आलं, आणि दुसऱ्याचं उत्तर लिहायला मग तोंडच उरलं नाही. त्यालाही पाव शतक होऊन गेलं.

त्या यंत्रात वाजवलेलं साठवायची सोय होती. एक बटण दाबलं की पडद्यावरच्या चौसष्ट चौकोनांतून रेघ सरकायची. सूर वाजेल तिथला चौकोन भरायचा, उंच सूर वरच्या ओळीत, खालचे खालच्या. पुढच्या सोमवारी उज्वलाने आपला भाग साठवला आणि परत लावून ऐकला. चौथ्या ठोक्यापाशी एक जाड सूर होता.

चुकून दाबला गेला असेल. तिने सगळं पुसून पुन्हा साठवलं. आता तसे तीन सूर होते. बुधवारी नऊ झाले.

गुरुवारी ती खाली आली तेव्हा लहानू नळ्या पुसत होता. "वर कोन पाव्हनं आलंय का, मॅडम?"

"नाही. का?"

"दोन जनी वाजवत व्हत्या." त्याने मान वर केली नाही. "दुसऱ्या बाई लय गोड वाजवत्यात. पन जरा मागं ऱ्हात्यात."

प्रयोगशाळेत नमुन्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर एक ब्लँक लावतात. त्यात देठ नसतो, नुसती आम्लं आणि पाणी. ब्लँकमध्ये काही सापडलं तर दोष भांड्याचा, पाण्याचा, नाहीतर माणसाचा. शुक्रवारी दुपारी उज्वलाने ब्लँक लावला. नव्या बॅटऱ्या घातल्या, आधीचं सगळं पुसलं, साठवायचं बटण दाबलं, यंत्र काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घालून समोर उभी राहिली. पट्ट्या हलल्या नाहीत. आवाज आला नाही. पडद्यावरची रेघ मात्र सरकत होती आणि तिच्यामागे खालच्या ओळीतले चौकोन एकेक करून भरत होते. एकूण सतरा. परत लावून ऐकलं, तर चौथ्या ठोक्याचा प्रत्येक सूर केसभर उशिरा.

तिने वहीत वेळ लिहिली, एक वाजून वीस मिनिटं. मग पुढचे आठ दिवस वेगवेगळ्या वेळी ब्लँक लावून पाहिले. सकाळचे रिकामे निघाले, संध्याकाळचे रिकामे निघाले. भरायचे ते फक्त एक ते दोनच्या मधले.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण ती भीतीच एक वाजायची वाट बघू लागली. बारापासून तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे लागायचं. गच्चीवर जाऊन ती आपला भाग वाजवायची, खालची जागा मुद्दाम मोकळी सोडायची आणि परत लावून डोळे मिटून ऐकायची. इतक्या वर्षांनी ती धून पुरी होत होती. एकदा घरी नवऱ्याला ऐकवली. महेश म्हणाला, "छान आहे गं. दोन्ही हातांनी वाजवतेस?" ती हो म्हणाली.

त्या रात्री तिने कॉलेजच्या ग्रुपवर बिलकिसची चौकशी केली. दोन दिवसांनी तिच्या धाकट्या भावाचा, फराजचा, नंबर मिळाला. उज्वलाने फोन लावून आपलं नाव सांगितलं.

"आपा आमच्याकडेच असते, ताई," तो म्हणाला. "या तुम्ही. पण ती ओळखणार नाही."

रविवारी ती चांदवडच्या घाटाने मालेगावला गेली. कुसुंबा रोडच्या आतल्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग चालू होते. त्यांची खटखट कानांपेक्षा तळपायांना जास्त कळत होती. फराज कोपऱ्यावर घ्यायला आला. कपड्यांवर सुताचे कण, बिलकिससारखीच जाड भुवई.

"तीन वर्षं झाली," चालता चालता तो म्हणाला. "मेंदूत रक्त उतरलं. तिचे मियाँ आधीच गेले होते, म्हणून मी घेऊन आलो. बोलत नाही, उठत नाही. फक्त..." त्याने पावलं उचलली. "घरी चला. इन्शा सांगेल. तीच बघते तिचं."

इन्शा त्याची मुलगी, एकोणीस-वीसची. तिने पाणी दिलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "फुप्पीचा डावा हात हलतो, खाला. दुपारी एकनंतर. डॉक्टर म्हणाले, नस आपोआप उडते, लक्ष देऊ नका."

"कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून. मोठ्या अब्बूंच्या घरचं लग्न सतराला झालं. दुसऱ्या दिवशी मी घरात एकटीच होते, तेव्हा पहिल्यांदा दिसलं."

ती तारीख उज्वलाला वहीत बघावी लागली नाही.

आतल्या खोलीत बिलकिस पलंगावर पडून होती. केस पूर्ण पांढरे, इन्शाने घातलेली बारीक वेणी. खोबरेलाचा वास. डोळे छताकडे. उज्वला पलंगाच्या कडेला बसली. येताना बसमध्ये तिने बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकच तोंडातून निघालं.

"बिलकिस, मला उशीर झाला गं."

काही हललं नाही. भिंतीपलीकडे माग चालत राहिले.

एक वाजून अठरा मिनिटांनी चादरीवर ठेवलेला डावा हात जरासा उचलला गेला. बोटं खाली आली. अंगठा, मधलं, पुन्हा अंगठा. मग ताठ करंगळी.

उज्वलाने यंत्र मांडीवर घेतलं. साठवायचं बटण दाबलं.

ती वाजवू लागली. खोलीत तिचे वरचे सूर होते, चादरीवर बोटांचा हलका आवाज होता, बाकी काही नव्हतं. पडद्याकडे तिने पाहिलं नाही. बिलकिसच्या बोटांकडे पाहत होती.

धून संपली. हात थांबला.

इन्शा दारात उभी होती. तिच्या हातात चहाचा ट्रे होता.

उज्वलाने परत लावलं.

जाड सूर एकामागून एक आले. सगळे आले. चौथ्या ठोक्याला तिने श्वास धरून ठेवला.

उशीर नव्हता. एकाही ठोक्याला नव्हता.

इन्शाने ट्रे जमिनीवर ठेवला आणि पुढे होऊन बिलकिसच्या गालावरून ओढणी फिरवली. डोळ्यातलं पाणी कानापर्यंत गेलं होतं.

"असं रोज येतं?" उज्वलाने विचारलं.

"नाही," इन्शा म्हणाली. "कधीच नाही."

पुढच्या रविवारी येते, असं उज्वलाने बिलकिसच्या कानाशी सांगितलं. पण गुरुवारी सकाळीच फराजचा फोन आला. आपा पहाटे गेली होती, झोपेतच. उज्वलाने लहानूच्या हाती प्रयोगशाळेच्या किल्ल्या दिल्या आणि मिळाली त्या बसने मालेगाव गाठलं. या वेळी तिने कुणाला विचारलं नाही.

त्यानंतर ब्लँक रिकामे निघू लागले. ती रोज एक वाजता गच्चीवर जायची, आपला भाग वाजवायची, परत लावायची. वरच्या ओळीतले चौकोन भरलेले, खालची ओळ कोरी. वाजवायचं तरी तिने सोडलं नाही. कधी नवं काही सुचायचं आणि क्षणभर जुना आनंद उसळून यायचा, मग डाव्या अंगाला वारा लागल्यासारखं व्हायचं. देठांच्या पिशव्या कमी झाल्या, बागांत मणी फुगले. मालेगावला साठवलेली धून तिने वेगळी जपून ठेवली होती. ती ऐकायची, पण शेवटचा सूर विरला की लगेच बटण दाबून बंद करायची. त्यापुढे आठ रिकामे चौकोन होते, आणि ते ऐकवत नसत.

संक्रांतीला आरोही दोन दिवसांसाठी आली. दुपारी महेश कामावर गेल्यावर मायलेकी हॉलमध्ये बसल्या होत्या. उज्वला दिवाणावर हलव्याचे दागिने ओवत होती, आरोही समोरच्या खुर्चीत. तिने कानाला हेडफोन लावला आणि आईने काय काय साठवलंय ते एकेक ऐकू लागली. मध्येच तिचा चेहरा उजळला.

"हे भारी आहे, आई. खालचा हात कुणाचा?"

"माझ्या मैत्रिणीचा. बिलकिसचा."

"कुठे असते?"

"मालेगावला," उज्वला म्हणाली, आणि तिने सुईत पुढचा दाणा ओवला.

आरोही पुन्हा ऐकू लागली. धून संपली असावी, कारण तिची पावलं ताल धरायची थांबली. पण तिने हेडफोन काढला नाही. उलट दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

"शेवटी बोलतंय कोण?"

"शेवटी काही नाही. रिकामंच आहे ते."

"नाहीये रिकामं. हळू आवाज आहे, पण कळतंय. 'सरक ना जरा, उज्वला.'" आरोहीने यंत्र उलटंपालटं करून चारही कडांना बोट फिरवलं. "पण ह्याला तर माईकच नाहीये."

उज्वलाने हातातली सुई बाजूला ठेवली.  दिवाणावर बसल्या जागेवरून ती वीतभर उजवीकडे सरकली.

आरोहीने कानावरचा हेडफोन खाली ओढला. ती आईकडे बघत नव्हती. आईच्या डाव्या बाजूला, दिवाणाच्या ताणून घातलेल्या चादरीवर हळूहळू खोल होत चाललेल्या खळग्याकडे बघत होती.