दरडीपलीकडची रेघ

नकाशावरची एक तुटक रेघ ठेवायची की पुसायची, एवढंच ठरवायला अर्चना आणि अंकुश डोंगर चढत होते. मोबाइलवरचा तो नकाशा कुणीही दुरुस्त करू शकत असे. बोईसरच्या एकाच कारखान्यातले हे दोघे सुट्टीला रानवाटा चालून त्यात भरत. या रेघेवरून मात्र त्यांचं जुंपलं होतं. तिच्या भरवशावर गेलेली काही मुलं मागच्या वर्षी रानात अडकली होती.

"पुसून टाकू," अर्चना म्हणाली.

"माझी आय याच वाटेनं माहेरी जायची. वाट हाय!" अंकुश ऐकेना.

खिंडीतल्या झऱ्यापर्यंत वाट चांगली मळलेली होती. पुढे मात्र पुरुषभर उंचीचं वाळलेलं गवत, ऑक्टोबरचं भाजणारं ऊन आणि पायाखालून निसटणारे दगड. एका गुळगुळीत कातळावरून दोघं बसून घसरत उतरले. आणि पुढे जमीनच नव्हती! दरडीने सगळा उतार तोडून नेला होता. फोनवरची रेघ मात्र तशीच, हवेतून, थेट अंकुशच्या आजोळच्या गावापर्यंत गेली होती.

"मागे फिर!"

अंकुश वळला. दगड सुटला. तो घसरला! एक झुडूप हाताला लागलं म्हणून वाचला. पण घोटा पार मुरगळला.

पाणी संपलं. नेटवर्क नव्हतं. हाका मारून अर्चनाचा घसा बसला.

"तू जा. माझ्याच्यानं चढवणार नाय."

"गप बस!"

तिने कातळाच्या भेगेत बोटं रुतवली. चढली. घसरली. गुडघे सोलवटले. पुन्हा चढली! वर पोचताच ओढणीला पिशवीचे पट्टे गाठ मारून जोडले, झाडाला बांधून खाली सोडले. अंकुश दात आवळून, तसूतसूने वर आला.

झऱ्यात दोघांनी तोंडंच बुडवली. हंडा भरायला आलेली पाड्यावरची नवसी बघतच राहिली.

"खालून आले? ती वाट दरडीनं नेली ना! आमी इथपर्यंतच येतो, पाण्याला."

अंकुश झऱ्याकाठी टेकला. मग त्याने फोन काढला; इथे नेटवर्कची एक काडी येत होती. "सगळीच पुसतो."

अर्चनाने त्याचा हात धरला. "झऱ्यापर्यंतची राहू दे. या बायका रोज चालतात ती."

त्याने खालची रेघ पुसली. तुटल्या टोकाशी लिहिलं: 'पुढे दरड. वाट नाही.' त्याचे डोळे भरून आले.

नवसीने हंडा झऱ्यापाशीच ठेवला आणि अर्चनाच्या खांद्यावर भार टाकून उठणाऱ्या अंकुशचा दुसरा दंड धरला.

"हळू चला. उजेड हाय अजून."