तेरेशिनचा पितळी शिक्का

"पेटी रिकामी आहे."

पानास यूखिमोविच फोनवर एवढंच बोलले. तमिलाने हातातला चहा तसाच ठेवला आणि कोट चढवला. तेरेशिनची पोलीस अधिकारी म्हणून आजवर तिने चोरीच्या सायकली शोधल्या होत्या, फार तर एखादी हरवलेली गाय. आज गावचा शिक्का गेला होता, आणि जायला त्याला नेमका आजचाच दिवस सापडला होता.

मुठीएवढा पितळी शिक्का, त्यावर देस्ना नदीतले तीन मासे. तेरेशिनने आपला कारभार आपण पाहावा, आपले तंटे आपण सोडवावेत, असा हक्क गावाला मिळाला तेव्हाचा. झारच्या माणसांनी तो हक्क काढून घेतला, तेव्हा गावच्या कारकुनाने शिक्का पावाच्या पोटात भाजून लपवला. जर्मन आले तेव्हा गावातल्या लुकिया मावशीच्या आजीने तो मधमाश्यांच्या पेटीत ठेवला. एवढी संकटं टळली, आणि मग गेल्या वर्षी नगरसभेने आपणहून हात वर करून तेरेशिन शेजारच्या मोठ्या ह्लिबोवला जोडून टाकलं. आता शिक्काही ह्लिबोवच्या संग्रहालयात जायचा होता. न्यायला माणूस दुपारी येणार होता.

तेरेशिनचं संग्रहालय म्हणजे नदीकाठची नगरसभेची जुनी इमारत. काल संध्याकाळी तिथे निरोपाचा चहा झाला आणि सगळं गाव शिक्क्याला शेवटचं पाहून गेलं. मग बर्फ पडला. तमिला पोचली तेव्हा ताज्या बर्फावर पावलांची एकच रांग होती, आत येणारी, पानास यूखिमोविच यांची. तळघरात राहणारा भट्टीवाला हरासिम अजून बाहेरच पडला नव्हता.

शिक्क्याच्या पेटीची काच शाबूत होती. कुलूप इतकं छोटं की केसातल्या पिनेनेही उघडलं असतं. दालनातल्या चारही खिडक्या ऑक्टोबरात, पोक्रोवाच्या सणानंतर, बायकांनी दरवर्षीसारख्या बंद केल्या होत्या. दोन तावदानांच्या मध्ये जाड कापूस, कापसावर शोभेला फळं, फटींवर खळीने चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या. एकही पट्टी फाटलेली नव्हती. तमिलाने पहिल्या खिडकीतून गोठलेल्या नदीकडे पाहिलं, मग तिसरीतून पाहायला गेली, तर तिच्या आतल्या बाजूला हिमाची इतकी दाट नक्षी जमली होती की कापसावरच्या लालबुंद फळांपलीकडे काही दिसेना.

पानास यूखिमोविच खुर्चीत बसून होते. इतिहासाचे मास्तर, निवृत्तीनंतर संग्रहालयाचे रखवालदार. तमिलाला नकाशा वाचायला त्यांनीच शिकवलं होतं.

"शिक्का शेवटचा कधी पाहिलात?"

"चहाच्या वेळी. सगळ्यांनीच पाहिला."

"दाराला कुलूप कुणी लावलं?"

"मी. घरी जाताना."

"तेव्हा आत होता?"

"पेटीवर रुश्निक पांघरला होता. भरतकामाचा पंचा. माणूस गेल्यावर तोंडावर ओढतात ना, तसा. मी उचलून पाहिलं नाही. बघवलं नसतं मला."

"कुणी पांघरला?"

"बायकांपैकीच कुणीतरी." त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

"गावसभेत तुम्ही म्हणाला होतात, शिक्का माझ्या मढ्यावरून न्या."

"म्हणालो होतो. ओरडायला काय लागतं?"

तमिलाने ह्लिबोवला वरिष्ठांना फोन केला. तिकडून उत्तर आलं ते सरळ होतं: किल्ली ज्याच्याकडे, झडती त्याच्या घराची आधी.

आणि तिने ती घेतली. दोन हवालदारांबरोबर मास्तरांच्या दोन खोल्या उलथ्यापालथ्या केल्या. पलंगाखाली ओरिसियाची लाकडी पेटी निघाली. मास्तरांची बायको मागच्या हिवाळ्यात गेली, ह्लिबोवहून निघालेल्या रुग्णवाहिकेची वाट पाहता पाहता. पेटीत तिचे घडी केलेले स्कार्फ होते, चष्मा होता. हवालदाराने स्कार्फ एकेक करून झटकले. मास्तर दारात उभे राहून पाहत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तमिलाला वाटलं. शिक्का मिळाला नाहीच. स्कार्फ तिने स्वतः परत घडी करून ठेवले, पण ओरिसियासारख्या घड्या तिला जमल्या नाहीत.

परत आल्यावर तिने हवालदारांबरोबर संग्रहालयही पिंजून काढलं, आणि मग हरासिमला गाठलं. तो तळघरात भट्टीपुढे मोजे वाळवत होता.

"काल सगळे गेल्यावर मागे कोण राहिलं?"

"मी, मास्तर आणि लुकिया मावशी. मास्तरांचं डोकं गरगरायला लागलं. मावशीने त्यांना औषधाचे थेंब दिले आणि पलीकडच्या खोलीत आडवं केलं. मला म्हणाली, तू दुकानातून साखर घेऊन ये."

"साखर संपली होती?"

"भांडंभर पडली होती, कॅप्टन. पण नगराध्यक्षा सांगते तर जायचं, एवढं मला कळतं."

"माजी नगराध्यक्षा."

"तुम्ही जाऊन सांगा तिला माजी. मला अजून दात हवे आहेत." तो हसला. "आलो तर बाई कपबश्या धुऊन मोकळी. एक पातेलं मात्र माझ्या गळ्यात मारलं. तळाला पीठ करपलेलं. सुरीने खरवडत बसलो."

"वारेनिकीचं पीठ असेल."

"बटाटा भरलेल्या वारेनिकी तिने घरूनच उकडून आणल्या होत्या. आणि तिचा तो कलिनाचा काढा. फ्रीझरमधली लाल फळं अख्खीच्या अख्खी घातलेली. कडू जहर, पण मावशीसमोर कोण बोलणार?"

"पेटीवरचा रुश्निक कुणाचा?"

"कोंबडे भरलेला ना? तिचाच. लग्नातला."

कालपर्यंत कुणी विचारलं असतं तर तमिलाने शपथेवर सांगितलं असतं, लुकिया त्रोखिमिव्नाने आयुष्यात कुणाची सुईसुद्धा उचलली नसेल. सोळा वर्षं ही बाई गावची नगराध्यक्षा. बर्फात स्वतः फावडं घेऊन उतरायची आणि ठेकेदाराला चारचौघांत सोलायची. जोडणीच्या ठरावावर सहीही तिचीच होती. ती दालनात आली तीच बोलत.

"काय गं पोरी, ह्लिबोवला फ्लॅट मिळाला म्हणे तुला. खिडकीतून नदी दिसते का?"

"पार्किंग दिसतं, मावशी."

"बरं झालं. नदी पाहून रडत बसली असतीस." तिने कोट काढला नाही. "म्हाताऱ्याला सोड. तो मुंगीसुद्धा लपवू शकत नाही."

"किल्ली त्यांच्याकडे होती. झडती घ्यावीच लागली."

"झडती?"

"घराची. ओरिसिया मावशीची पेटीसुद्धा उघडली."

लुकिया जवळच्या बाकावर बसली. "स्कार्फ होते त्यात," ती हळू म्हणाली. "निळा मी दिलेला."

त्यानंतर तिने एकही टोमणा मारला नाही. तमिला तिला इतकी वर्षं ओळखत होती, पण लुकिया मावशी गप्प बसलेली तिने पाहिली नव्हती. तिचा हात चाळा म्हणून खिशातल्या काहीतरी गोष्टीशी खेळत होता. तमिला उठली आणि खिडक्यांपुढून चालत गेली. पहिली स्वच्छ, दुसरी स्वच्छ, चौथी स्वच्छ. तिसरीपुढे ती उभी राहिली. कालच्या काढ्याची चव तिच्या जिभेवर आली. मग ती पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिली, आणि आपण सकाळपासून किती मूर्खपणा केला हे तिला कळून चुकलं.

ह्लिबोवचा वादिम दुपारी आला. कोवळा, सभ्य अधिकारी. हातात फोमचं अस्तर लावलेली पेटी. रिकामी काच पाहून तो अवघडला.

"मग गुन्हा नोंदवावा लागेल," तो म्हणाला. "जबाबदारी रखवालदाराची."

"बसा," तमिला म्हणाली. "पानास यूखिमोविच, तुम्हीही. हरासिम, दार लावून घे. शिक्का या इमारतीबाहेर गेलेलाच नाही."

"इथलं सगळं तुम्ही शोधलं ना?" वादिमने विचारलं.

"शोधलं. पण शोधणारी मी तेरेशिनची, हवालदार तेरेशिनचे. आम्ही भट्टीतली राख चाळली, फरशा ठोकल्या. एका जागी मात्र आमच्यापैकी कुणाचा हात गेला नाही, कारण फेब्रुवारीत तिथे हात घालायचा असतो हेच आमच्या डोक्यात येत नाही. चिकटवलेली खिडकी वसंतापर्यंत उघडायची नाही, हे इथे पोरांना चालायच्या आधी कळतं."

ती तिसऱ्या खिडकीपाशी गेली.

"या तीन खिडक्या ऑक्टोबरात बंद झाल्या. कोरडी हवा, कोरडा कापूस, म्हणून काचा स्वच्छ आहेत. हिच्यावर आतून हिम जमलंय. म्हणजे आत ओल आहे. माणसांच्या श्वासाची, वाफाळत्या चहाची, ओल्या खळीची. ही खिडकी काल उघडली आणि कालच पुन्हा चिकटवली. पातेल्यात पीठ कशाचं करपलं होतं, हरासिम? खळीचं."

हरासिमने कपाळावर हात मारला.

"आता फळं पाहा. बाकीच्या खिडक्यांत अंगणातल्या होरोबिनाची फळं आहेत, बारीक, नारिंगी, आता सुकून सुरकुतलेली. या खिडकीतली ती फळं उघडताना चुरली असणार. फेब्रुवारीत नवीन कुठून आणायची? झाडावर पाखरांनी एक ठेवलेलं नाही. मग ज्या बाईकडे फळं होती तिने ती घातली. ही लाल, टपोरी फळं कलिनाची आहेत, वादिम. काल आम्ही सगळे तिचा काढा प्यायलो. ज्या बाईने काढा आणला तिनेच मास्तरांना आडवं केलं, हरासिमला नको असलेल्या साखरेसाठी पिटाळलं, रिकाम्या पेटीवर आपल्या लग्नातला रुश्निक पांघरला. म्हणजे मास्तरांनी न पाहताच दाराला कुलूप लावावं."

तिने चाकूने पट्ट्या कापल्या. तावदान करकरत उघडलं आणि दालनात नदीवरचा गारठा शिरला. कापूस बाजूला केल्यावर खाली तीन मासे दिसले.

लुकियाने खिशातला हात बाहेर काढला. त्यात कलिनाची दोनचार फळं होती, चुरगाळलेली.

"ईस्टरला खिडक्या आपणच उघडतो," ती म्हणाली. "तेव्हा काढला असता आणि मधमाश्यांत ठेवला असता. आजीसारखा." तिने खिडकीतल्या माशांकडे पाहिलं. "आजीकडे जर्मन बंदुका घेऊन शिक्का मागत होते. माझ्याकडे कुणी बंदूक घेऊन आलं नव्हतं. मी पेन मागून घेतलं आणि गावावर पाणी सोडलं. ओरिसिया गेली तेव्हा मला वाटलं, मोठ्या गावात सामील झालो तर रुग्णवाहिका इथे उभी राहील. त्यांनी सांगितलं होतं तसं. ती ह्लिबोवलाच उभी आहे. शाळासुद्धा तिकडेच चालली. मग वाटलं, निदान हा माझ्या हाताने जाऊ नये."

"आणि मास्तर?" तमिलाचा आवाज चढला. "त्यांच्यावर आळ आला असता त्याचं काय?"

"मला वाटलं, त्याला कोण काय म्हणणार? सगळं गाव ओळखतं त्याला." लुकियाने मास्तरांकडे पाहिलं, पण डोळ्यांपर्यंत नजर गेली नाही. "तुझ्या घरात झडती होईल हे मला सुचलंच नाही, पानास. ओरिसियाचे स्कार्फ… देवाशपथ नाही सुचलं."

"मला सकाळीच कळलं होतं," मास्तर म्हणाले. "कलिना आणि होरोबिना यांतला फरक मला कळत नाही का?"

तमिला वळली. "मग बोलला का नाहीत?"

"नगरसभेत मीही होतो. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. सगळ्यांत शेवटी हात वर केला तो मी. लुकियाच्याच कारणासाठी, रुग्णवाहिकेसाठी. आणि मग गावसभेत जाऊन सगळ्यांत मोठ्याने ओरडलो." त्यांनी हाताकडे पाहिलं. "माझ्या घराची झडती व्हायलाच हवी होती, असं मला वाटलं."

वादिमने खाकरून घसा साफ केला. "हे पाहा, वस्तू इमारतीबाहेर गेलेली नाही. सफाईत इकडची तिकडे झाली असं लिहिलं तरी चालेल. तुम्ही कुणी काही म्हणू नका, मीही म्हणणार नाही."

"नाही," लुकिया म्हणाली. "जे झालं ते लिहा. नाव माझं टाका. गाव देताना नाव घातलं होतं, लपवताना लाजू कशाला?"

तिने पेटीपाशी ठेवलेला रुश्निक उचलला. शिक्का त्यात गुंडाळला आणि वादिमपुढे धरला. मास्तर उठले, तिच्याजवळ गेले आणि आपला हात तिच्या हातांखाली धरला. शिक्का दोघांनी मिळून दिला. वादिमने तो रुश्निकासकट घेतला. परत काढून द्यायची त्याची हिंमत झाली नाही.

त्याची गाडी पुलाकडे गेल्यावर तमिला मास्तरांपाशी आली. "स्कार्फच्या घड्या मला नीट जमल्या नाहीत," ती म्हणाली. तिला माफी मागायची होती, पण तोंडातून एवढंच निघालं.

"पाहिल्या मी," ते म्हणाले. "राहू दे."

उघड्या खिडकीतून बर्फाचे कण आत येत होते. मास्तरांनी कापूस उचलून झटकला आणि लुकियाकडे न पाहता विचारलं, "खळीला पीठ आहे का घरी? हिवाळा अजून बाकी आहे."

"आहे," ती म्हणाली आणि आणायला गेली. हरासिम पातेलं शोधायला उतरला. तमिलाने जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडायला घेतल्या.