पाचव्या महिन्यातला ताप

"मेले तरी गोळी घेणार नाही!" असं म्हणून नणंदेने ओठ घट्ट मिटून घेतले, आणि पाण्याचा पेला वहिनीच्या हातात तसाच राहिला...

दुपारचे तीन वाजले होते. वहिनी सकाळची शिफ्ट संपवून नुकतीच दारात पोचली होती, पायातल्या चपलासुद्धा अजून निघाल्या नव्हत्या. हॉस्पिटलच्या लाँड्रीत, वाफेच्या इस्त्रीच्या त्या कोंदट खोलीत, पहाटेपासून चादरींच्या चळती उचलून तिच्या दंडांत पेटके आले होते. वाटेत तिने एकच स्वप्न पाहिलं होतं, जमिनीवर आडवं होण्याचं. चटईसुद्धा नको, नुसती फरशी! पण या घराने तिचं एवढंसं स्वप्नही कधी पुरं होऊ दिलं नव्हतं, मग आज तरी कसं होऊ देणार?

घरात तिला सगळे वहिनीच म्हणत. सासूबाईही "वहिनीला हाक मार गं" म्हणत, आणि लांबच्या पल्ल्याच्या गाड्या चालवणारा नवरा पंधरा दिवसांनी घरी आला की झोपेच्या भरात कधी "वहिनी, पाणी" म्हणून जाई, मग स्वतःच ओशाळून हसे. एका माणसाने मात्र तिला कधीच, कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. ती म्हणजे तिची पोटची पोर. नऊ वर्षांची झाली तरी गुंडी बोलत नव्हती. लाँड्रीत चादरींबरोबर निघालेली तुटकी बटणं वहिनी तिच्यासाठी ओच्यात घालून आणी, आणि ती तासन् तास ती रंगांप्रमाणे ओळीत मांडत बसे. म्हणून ती गुंडी. आत्ताही ती कोपऱ्यात तेच करत होती.

"एकशे तीन आहे," थर्मामीटर उजेडात धरून वहिनी म्हणाली. "डॉक्टरांनी फोनवर नाव सांगितलंय, ही तीच गोळी आहे. पोटातल्या बाळाला चालते असं दोनदा विचारून घेतलंय मी. घे ना गं..."

"नको. मी सोसेन. बाळासाठी एवढंही नाही सोसायचं? मग आई कसली मी!"

सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी बसून लेकीचे पाय चेपत होत्या. "बरोबर बोलतेय ती," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी कोणी खाल्ल्या होत्या गोळ्या? चार बाळंतपणं झाली माझी, नुसत्या हिमतीवर!"

चारांतली दोनच जगली, हे त्या सोयीस्कर विसरत. वहिनीही त्यांना कधी त्याची आठवण करून देत नसे. म्हाताऱ्या माणसाच्या जिभेला लगाम नसतो, तो आपण आपल्या कानांना घालावा, असा तिचा हिशेब होता.

नणंदेला पाचवा महिना होता. जावई जहाजावर, म्हणून ती माहेरी येऊन राहिली होती. बालवाडीत शिकवायची. गोड गळा, मुलांचा लळा... आणि वहिनीपुरती मात्र जिभेला धार! गुंडी तीन वर्षांची होऊनही बोलेना, तेव्हा हिनेच सगळ्यांदेखत निदान केलं होतं : "मूल आईच्या बोलण्यातून बोलायला शिकतं. वहिनी कामावरून येते आणि मुक्यासारखी पडून राहते. पोर बोलणार कुठून?" ते वाक्य शेजारणींच्या तोंडी गेलं, नात्यागोत्यात गेलं, नवऱ्याच्या मनातही कुठेतरी जाऊन बसलं. वहिनीने ते मान खाली घालून सोसलं. सहा वर्षं ती इस्त्रीच्या खोलीतून परतताना मनाशी गोष्टी जुळवी आणि घरी येऊन गुंडीला सांगत बसे, घसा बसेपर्यंत!

"घे गं पोरी," ती पुन्हा म्हणाली. "ताप अंगात मुरवू नये या दिवसांत."

नणंदेचे तापलेले डोळे तिच्यावर रोखले गेले. "तुला काय कळतं वहिनी यातलं? गुंडीच्या वेळी तुला साधी शिंकसुद्धा आली नाही. धडधाकट होतीस, कामावर जात होतीस. एवढं निरोगी पोर पोटात दिलं देवानं, आणि तू त्याचं काय केलंस... बघ!"

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. गुंडीने निळं बटण उचलून निळ्यांच्या ओळीत ठेवलं.

वहिनीच्या काळजात काहीतरी तुटलं. अपमानाची तिला सवय होती, त्याने नाही. समोरच्या त्या फणफणलेल्या देहात तिला स्वतःलाच पाहिल्यासारखं झालं होतं. तोच महिना, तोच ताप, तोच वेडा हट्ट! आता गप्प राहावं तर हिच्या पोटातल्या जिवाचं काय होईल? आणि बोलावं तर... नऊ वर्षं हिला जपलं, आता हिच्याच काळजावर घाव घालायचा? देवा, असली निवड कुणाच्या वाट्याला येऊ नये!

"आला होता," ती म्हणाली.

"काय?"

"ताप. मला. गुंडीच्या वेळी."

सासूबाईंचे हात थांबले. "कधी? मला कसा पत्ता नाही?"

"तुम्हालाच काय, आधी मलाही नव्हता, आई." वहिनी पलंगाच्या कडेला टेकली. "त्या इस्त्रीच्या खोलीत सगळ्याच बायकांची तोंडं लाल, सगळ्यांचीच अंगं भट्टीसारखी. दोन दिवस मला वाटलं, खोलीचीच धग आहे. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती, घरी बसूनही अंग पोळत होतं, तेव्हा कळलं. मग झाकलं. गोळी घेतली नाही, डॉक्टरकडे गेले नाही. मीही म्हटलं, बाळासाठी सोसेन. सहा दिवस सोसलं! लोक मला मुकी म्हणतात ना? तेव्हापासूनच आहे मी मुकी..."

नणंद कोपरावर रेलून उठली. "पण त्याचा आणि गुंडीचा काय संबंध?"

वहिनीने दोन वर्षं मनात घोळवलेले शब्द आता बाहेर काढले. गुंडीला ती ज्या केंद्रावर नेई, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दर वेळच्या फॉर्मवर तोच प्रश्न विचारला होता : गरोदरपणात ताप आला होता का? दोनदा वहिनीने 'नाही' लिहिलं. तिसऱ्यांदा पेन हलेना. मग दार लावून घेऊन तिने खरं सांगितलं, आणि बाईंनी तिला समजावलं.

"त्या म्हणाल्या, रोगाचा जंतू बाळापर्यंत पोचतोच असं नाही. पण आईचं शरीर त्याच्याशी लढतं ना, तेव्हा रक्तातून निरोप धावतात, लढा, लढा म्हणून. कधीकधी त्या लढाईची झळ वारेतून, नाळेतून बाळालाही लागते. आणि त्याच दिवसांत बाळाचा मेंदू घडत असतो, एकेक पेशी आपापल्या जागी जाऊन बसत असते. तेव्हा गडबड झाली तर एखादी भलतीकडेच बसू शकते." तिने श्वास घेतला. "पण असं होतंच असं नाही गं! शंभरजणींना ताप येतो, बहुतेकींची बाळं ठणठणीत असतात. गुंडीचं कारण तेच होतं असंही त्यांनी म्हटलं नाही. म्हणाल्या, एका मुलाबद्दल छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. फक्त एवढं बोलल्या, की गरोदर बाईने ताप अंगावर काढू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं. म्हणून म्हणते, घे."

नणंद बोटांवर काहीतरी मोजत होती. बालवाडीच्या बाईंना मोजता येत होतंच...

"कितवा महिना होता तुला?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. तिसरा, सातवा, काहीही! पण वहिनी इतकी थकली होती, की खोटं बोलण्याचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"पाचवा."

"म्हणजे... मी वसतिगृहातून ताप घेऊन आले होते तेव्हा." नणंदेचा आवाज चिरकला. "परीक्षेला दहा दिवस होते. तू माझ्या उशाशी झोपायचीस. माझ्या कपाळावरची घडी रात्रभर बदलायचीस... माझाच ताप होता तो! मग तू सांगितलं का नाहीस? का नाही सांगितलंस, वहिनी?"

"सांगितलं असतं तर तू परीक्षेला बसली असतीस?" वहिनी हळूच म्हणाली. "तुझे वडील नुकतेच गेले होते. तुझ्या नोकरीवर आईंचे डोळे लागले होते. आणि पुढे... पुढे पोर बोलेना, तेव्हा तर तुझं नाव घेणं म्हणजे पापच. एका घरात एका बाईने दोषी असणं पुरे आहे गं, दोघी कशाला?"

नणंदेने तिच्या हातातून गोळी हिसकावून घेतली, पाण्याचा घोट गिळला, आणि मग तिच्या मांडीत तोंड खुपसून ती अशी रडली, अशी रडली, की कोपऱ्यातल्या गुंडीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

संध्याकाळच्या आत गुंडीला घेऊन तिघी हॉस्पिटलात होत्या. सासूबाईंनी रिक्षात एकदाही तोंड उघडलं नाही, हे त्या घरातलं आश्चर्यच. दोन दिवस सलाईन लागलं, तपासण्या झाल्या. तिसऱ्या सकाळी ताप उतरला. बाळाचे ठोके छान आहेत, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं वचन त्यांनी दिलं नाही, आणि वहिनीने मागितलंही नाही. त्या वॉर्डातल्या चादरींवर तिच्याच इस्त्रीच्या घड्या होत्या. दोन्ही दिवस ती शिफ्ट करून सरळ वर येत होती आणि स्टुलावर बसून पेंगत होती.

घरी परतल्यावर नणंदेने तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि तिचे दोन्ही हात धरले. वाफेने सोललेली ती बोटं पाहून तिला पुन्हा हुंदका आला.

"मला शिव्या दे वहिनी. काहीतरी बोल. सहा वर्षं मी तुला लोकांसमोर..."

"शिव्या द्यायलाही अंगात जोर लागतो गं."

"मग मी काय करू? सांग, मी तुझ्यासाठी काय करू?"

वहिनीने क्षणभर विचार केला. कुणी असं विचारेल याची तिने तयारीच केली नव्हती. न्याय मागावा, की मान मागावा, की नवऱ्यासमोर, शेजारणींसमोर झाडून सगळं कबूल करून घ्यावं? पण तिच्या थकलेल्या जिवाला यातलं काहीच उचलवेना.

"मला झोपायचंय," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिचा ऊर भरून आला. "गुंडीकडे जरा बघ. नुसतं बघ, शिकवू नकोस. मला झोपू दे..."

ती आतल्या खोलीत आडवी झाली. थकव्यानेच झोप येईना. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिला दिसलं, नणंद अवघडलेल्या पोटाने फरशीवर मांडी घालून बसली आहे, आणि एक शब्द न बोलता गुंडीच्या हाती एकेक बटण देते आहे. गुंडी ते घेते आहे, ओळीत ठेवते आहे, आणि पुढच्यासाठी तळवा पुढे करते आहे.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. सवयीचाच! "वहिनी कुठाय गं? भरदुपारी पडलीय की काय?"

"हळू, आई," नणंद म्हणाली. "नऊ वर्षांनी झोपतेय ती."

वहिनी कान देऊन वाट पाहत राहिली. मग दारातून अनवाणी पावलांचा अगदी हलका आवाज आला; जन्मात कधी हळू न चाललेल्या सासूबाई चोरपावलांनी खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. वहिनीला त्यांना सांगायचं होतं, की आई, राहू द्या, उजेडाचा मला त्रास होत नाही. पण ते सांगायच्या आधीच तिला झोप लागली.