बोल, थंड की गरम?

मुलांनो, चला, माझ्याबरोबर एका गाडीत बसा. खरी नाही, मनातली. दुपारची वेळ आहे आणि गाडी बराच वेळ उन्हात उभी होती. सीटला पाय टेकला की चटका बसतो. पट्ट्याच्या बकलला तर हातच लावू नका. आता एसी सुरू करा आणि समोरच्या जाळीपुढे तळहात धरा. गार झुळुकेची वाट बघा. आणि येते ती गरम हवा! काय कराल?

आपली मुंगी म्हणाली, "मावशीकडे जाऊ."

मुंगी हे तिचं घरातलं नाव. सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून पडलेलं. तिची मावशी गाड्यांचे एसी दुरुस्त करायची. आईने नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती आणि त्याच संध्याकाळी त्यांना लांब, दुसऱ्या शहरात जायचं होतं. सकाळी बाळाला तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. मुंगीच्या या तान्ह्या भावाचं अंग तापलं की त्याला झटके येत. "काही झालं तरी त्याला तापू देऊ नका," असं आईला बजावलेलं होतं.

"ताई, गाडी घेतलीस की भट्टी?" मावशीने आत डोकं घालत विचारलं.

"थट्टा नंतर कर. संध्याकाळपर्यंत होईल का तेवढं सांग."

"न व्हायला काय झालं? मुंगे, बस पुढे."

मावशीची कामाची एक रीत होती. बॉनेट उघडलं की समोरची काच झाकली जाते आणि आतलं काही दिसत नाही. म्हणून आत कोणीतरी जाळीला हात लावून बसायचं. मावशीने "बोल!" म्हटलं की "थंड" किंवा "गरम" एवढंच ओरडायचं. मुंगीने हे काम पूर्वीही केलं होतं आणि तिला ते फार आवडायचं.

एसी थंडी बनवत नाही, बरं का. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. त्यासाठी नळ्यांमधून गॅस फिरतो, आणि त्याला फिरवतो कॉम्प्रेसर. मावशीने गॅस मोजला. पुरेसा होता. कॉम्प्रेसर टक्‌ आवाज करून चालू झाला. पुढचा पंखा फिरत होता. एक नळी तापली होती आणि दुसरीवर घाम फुटल्यासारखे थेंब जमले होते, म्हणजे अगदी जसं असायला हवं तसंच.

"बोल!"

"गरम!"

"सगळ्या जाळ्या?"

"नाही. डावीकडची एकच. आणि मावशी, ती सारखी येत नाही. येते, थांबते, परत येते."

"आतला पंखा अडकत असेल."

मुंगीने कान दिला. पंखा एकसारखा घुमत होता. फक्त त्या एका जाळीतली हवा थांबून थांबून येत होती. दमट होती. कोणी अगदी जवळून तोंडाने श्वास सोडावा, तशी.

मावशीने मग हीटरची नळी चिमट्याने दाबून बंद केली. इंजिनाचं गरम पाणी आत जायची हीच एक वाट.

"बोल!"

"गरम!"

मावशीच्या कपाळाला आठी पडली. तिने गॅस काढून पुन्हा भरला, आतली गाळणी झटकून बसवली, सैल वाटले ते बोल्ट आवळले. ऊन शेडच्या कडेपर्यंत आलं.

"बोल!"

"थंड! मावशी, थंड! सगळीकडे!"

आईने सुटकेचा श्वास सोडला. शेडचे पत्रे तापले होते, म्हणून तिने झोपलेल्या बाळाला मागच्या सीटवर नीट बसवलं, काचा बंद केल्या आणि दवाखान्याची वेळ पक्की करायला फोन घेऊन दुकानात गेली. "त्याच्याजवळ बस गं," ती मुंगीला म्हणाली.

मावशी पुन्हा बॉनेटखाली वाकली. हीटरच्या नळीवरचा चिमटा काढायचा होता.

"बोल!"

"थंड!"

चिमटा निघाला.

"बोल!"

"थंड!"

छान. मावशीने हात पुसले. एक बोल्ट राहिला होता, तो लावायला ती वळली, तर मुंगी शेजारी उभी. हातात पाण्याचा तांब्या.

"मावशी, पाणी. तुझ्या कपाळावरून किती घाम गळतोय! मी गेले तेव्हा बाळ मस्त झोपलं होतं."

"तू गेलीस कधी?"

"मघाशीच. दार हळू लावलं, तो उठेल म्हणून."

मावशीने मुंगीकडे पाहिलं. मुंगीचे ओठ मिटलेले होते. तिच्यावरची नजर न काढता मावशी हळूच म्हणाली, "बोल."

"थंड," गाडीतून मुंगीचा आवाज आला.

तांब्या खाली पडला.

मावशीने मागचं दार ओढलं. आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. बाळ लालबुंद झालं होतं. केस कपाळाला चिकटलेले. ते रडत नव्हतं.

आई धावत आली. पाणी, ओला रुमाल, पंख्याचा वारा. बऱ्याच वेळाने बाळाने तोंड वाकडं केलं आणि मोठ्याने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं त्या तिघींनी कधी ऐकलं नव्हतं.

मावशीने गाडी बंद केली. किल्ली खिशात टाकली. गाडी तिथेच राहिली, आणि मावशीने त्यांना संध्याकाळच्या एसी बसमध्ये बसवून दिलं.

बस निघाली. दिवे मंद झाले. आई खिडकीशी बसली होती, मांडीवर बाळ. दिवसभराच्या दगदगीने तिचे डोळे मिटत होते.

"मुंगे, बघ गं, त्याचं अंग थंड आहे ना?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"थंड."

आईने मान मागे टेकली.

मुंगी बोलली नव्हती.

तिने बाजूच्या सीटकडे पाहिलं नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. तिने आईचा हात उचलला आणि बाळाच्या कपाळावर ठेवला. मग वरून स्वतःचा हात दाबून धरला. त्या रात्री आईने किती वेळा विचारलं, तरी मुंगीने तोंडातून एक शब्द काढला नाही. उत्तर येण्याआधी ती आईचा हात बाळाच्या कपाळावर नेऊन ठेवत राहिली.