गौलीगुड्याची खूण

"शेठ नाहीत का?"

हैदराबादेत, गौलीगुड्याच्या त्या सुट्या भागांच्या चिंचोळ्या दुकानात शिरलेल्या उंच तरुणानं काउंटरवरच्या मुलीकडे पाहूनही न पाहिल्यासारखं करत विचारलं, आणि माधवीच्या कपाळावर आठी पडली. दिवसातून दहा वेळा हाच प्रश्न!

"मी आहे की. काय पाहिजे?"

"नाही, म्हणजे... मोटरसायकलचं बेरिंग हवं होतं. तुम्हाला त्यातलं –"

"मग काय, बांगड्या विकायला बसले वाटलं?"

तो हसला. त्याच्या गालाला खळी पडते, हे बघायचं नाही असं ठरवूनही माधवीनं बघितलंच.

सौरभ पुण्याचा. बेगमपेठेत कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, चिक्कडपल्लीत भाड्याची खोली, आणि खोलीबाहेर शंभर सीसीची जुनी मोटरसायकल – जीव सगळा तिच्यावर. महिन्याभरानं शहराबाहेरच्या पडीक धावपट्टीवर शर्यत होती. त्यासाठी तो इंजिन नव्यानं बांधत होता, मिनिटाला अकरा हजार फेरे मारणारं.

माधवीनं एक बेरिंग पुढे ठेवलं. "सी-थ्री. हेच न्या."

त्यानं ते बोटांत धरून हलवलं. "सैल आहे हो हे!"

"सैलच लागतं, सी-थ्री म्हणजे तेच. एवढं पळालं की इंजिन तापतं, पोलाद फुगतं. आधीच घट्ट बसवलं तर फुगायला जागा कुठं राहील? जाम होईल."

"पुण्यात आम्ही घट्टच बसवतो."

"मग पुण्यालाच जायचं की. खामखा इथपर्यंत परेशान झालात."

तो गेला, आणि शेजारच्या दुकानातून चकचकीत परदेशी खोक्यातलं घट्ट बेरिंग घेऊन गेला. बाजार खुला झाल्यापासून अशा खोक्यांचा नुसता पूर आला होता. आत काय निघेल ते देवच जाणे.

मागच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या वडिलांनी, हणमंतरावांनी, सगळं पाहिलं होतं. चाळीस वर्षं बेरिंग कानाशी फिरवून त्याचं खरंखोटं सांगणारा माणूस. आता कानच दगा देत होते.

"पाहिलंस, माय? तुझ्या शब्दावर कोणी माल नेत नाही. दसऱ्याला दुकान विकून टाकू."

माधवीनं हातातलं बेरिंग खाली ठेवलं. ती लहानाची मोठी या काउंटरमागे झाली होती. "अण्णा, माझ्या शब्दावर एक इंजिन पळालं तर?"

"पळू दे. मग नाही विकत."

आठव्या दिवशी सौरभ आला. कोपराला पट्टी, हातात वर्तमानपत्राची पुडी, पुडीत जळून निळंकाळं पडलेलं बेरिंग.

"तुमचं बरोबर होतं," तो म्हणाला. पुणेकराच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडायला केवढे कष्ट पडतात, ते ज्याचं त्यालाच ठाऊक!

"फार लागलं का?" तिचा आवाज इतका मऊ निघाला, की तिचा तिलाच राग आला. "बसा. आता सगळं मी निवडणार. चालेल?"

"हौ," तो म्हणाला. हैदराबादी ‘हौ’. ती खुदकन हसली.

मग रोज संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, तो येऊ लागला. तिनं एकेक बेरिंग कानाशी धरून फिरवलं; पाचातली चार बाजूला टाकली. एका देखण्या खोक्यातल्या बेरिंगवर अंगठा घासला, तर कंपनीचं नावच पुसलं गेलं! "बघा, नुसता वरचा रंग."

"आणि ही टायमिंग चेन? माझी जुनी चांगली आहे अजून."

"असं म्हणता? धरा हे टोक. आडवी धरा, कुशीवर. तशी चेन वाकायला नको."

चेन दोघांच्या हातांमधून आडवी ताणली गेली. तिनं आपलं टोक सोडलं, तशी चेन धनुष्यासारखी वाकून खाली गेली. नवी धरली, तर जेमतेम वाकली. "जुनी ताणली गेलीय. अकरा हजारावर वॉल्व्ह वेळेवर उघडणार नाहीत. आता परत धरा..."

"पुन्हा? कळलं की मला."

"नक्को धरू मग."

"धरतो ना..." बोटाला बोट लागलं. दोघांनीही हात काढला नाही. नवी चेन बिचारी दोनदा उगाचच तपासली गेली.

दुकानाची एक रीत होती. हणमंतराव जो माल स्वतःच्या जबाबदारीवर देत, त्याच्या कडेवर पोलादी सुईनं ‘ह’ कोरत. तो माल बिघडला तर दुकान परत घेणार, बदलून देणार. त्या दिवशी त्यांनी सुई लेकीपुढे सरकवली. "तू निवडलंस. तूच कोर."

माधवीनं प्रत्येक बेरिंगवर ‘मा’ कोरलं.

शर्यतीच्या सकाळी ती धावपट्टीच्या कडेला अण्णांशेजारी डोळे मिटून उभी होती. एवढ्या इंजिनांमधून तिला एकच ऐकू येत होतं... चढत गेलेलं, एकसुरी, न अडखळणारं. शेवटच्या फेरीत ते सगळ्यांच्या पुढे आलं, आणि अण्णांनी तिचा खांदा गच्च दाबला.

"पहिला आला, माय!"

पण हरलेल्या एका शर्यतपटूनं तक्रार ठोकली – शंभर सीसी असं पळतच नाही, इंजिन उघडा! सगळ्यांसमोर इंजिनाचं डोकं उतरवलं. मापं घेतली, सगळं नियमात. पंचानं कॅमशाफ्ट हातात घेऊन त्यावरचं बेरिंग उन्हात धरलं. "ये क्या लिखेला है मियाँ? कौनसी कंपनी?"

"गौलीगुड्याची," सौरभ म्हणाला. "मालकीण त्या उभ्या आहेत."

हणमंतरावांनी पुढे होऊन ते बेरिंग घेतलं, कानाशी फिरवलं, मान हलवली आणि ते लेकीकडे दिलं. "मला ऐकू येत नाही. काय म्हणतंय?"

"काही नाही अण्णा. नुसतं फिरतंय."

तेवढ्यात तो तक्रारवालाच पुढे आला. जरा खजील होऊन म्हणाला, "शेठ, मेरेकू भी ऐसाच बेरिंग होना."

"मेरेकू कायकू पूछते?" हणमंतरावांनी लेकीकडे बोट केलं. "शेठ वो है!"

माधवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. पुसायचंही तिला सुचलं नाही. दुकान तिचं होतं!

गर्दी पांगल्यावर सौरभ जवळ आला. काळ्या तेलानं माखलेला हात त्यानं पुढे केला. "इथंही एक ‘मा’ कोराल? माझं... तुमच्यावर फार प्रेम आहे, माधवी."

"खूण केली की माल परत घ्यावा लागतो आम्हाला. ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर. रोज परत येईन."

"लग्न झालं तरी काउंटर सोडणार नाही मी."

"मी बाहेरूनच ओरडेन – शेठ आहेत का?"

तिनं तो तेलकट हात दोन्ही हातांत घेतला, आणि बोटाच्या नखानं, अगदी हलकेच, त्याच्या तळव्यावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरायला घेतलं.