प्रभावती मावशीचा मुलगा

बायनाबाईंनी दार अर्धंच उघडलं होतं. ईश्वरीची वळकटी पायरीवर, पिशव्या उन्हात, आणि स्टीलची नवीकोरी कळशी तिच्या कडेवर, लेकरासारखी.

"फोनवर तर फॅमिली म्हणलं होतं."

"दवाखान्यातल्या माणसानं काय सांगितलं मला माहीत नाही, काकू. मी एकटीच आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात लागलेय, नंबर तपासायला..."

"ते समदं खरं. पर एकट्या पोरीला आमी खोली देत नसतो बाई."

सकाळपासून वसमत रोडच्या आतल्या गल्ल्यांमधून ईश्वरीनं हेच ऐकलं होतं. कुठं गोड बोलून, कुठं जाळीच्या दाराआडून. सोनपेठहून निघताना वडलांनी एकच अट घातली होती: खोली मिळाली तर राहा, नाही मिळाली तर संध्याकाळच्या गाडीनं परत ये. एक स्थळ सांगून आलंच होतं.

तेवढ्यात जिन्यावरून एक मुलगा हातात पाना घेऊन उतरला. त्यानं ईश्वरीकडं बघितलं, मग कळशीकडं... जरा जास्तच वेळ कळशीकडं.

"अगं ईश्वरी! कवा आलीस? फोन तरी करायचास!"

ईश्वरीनं त्याला जन्मात बघितलं नव्हतं.

"वळखीची हाय का रं शंतनु?"

"वळखीची? काकू, मावसबहीण हाय माझी! ही कळशी माझ्याच आईनं दिलेली. बघा की, नाव हाय."

बायनाबाईंनी चष्मा पुसला आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं, 'चि. ईश्वरीस, प्रभावती मावशीकडून सप्रेम भेट'. मग दार पूर्ण उघडलं.

"आधी सांगायचं न्हाई का गं! भाऊ वर राहतोय म्हणल्यावर काय काळजी हाय?"

प्रभावती मावशीला मूलबाळ नव्हतं. म्हणूनच तर एरवी लग्नात मिळणारी कळशी तिनं भाचीला नोकरी लागल्यावर दिली होती. तिचा हा आयता मुलगा ईश्वरीची वळकटी खांद्यावर टाकून पुढं चालायला लागला आणि जिन्याच्या वळणावर हसून हळूच म्हणाला, "मी पालमचा. सोलर पंप बसवतो. खोटं सहसा बोलत न्हाई."

"सवय चांगली दिसतेय पण," ईश्वरी म्हणाली.

पहिल्या मजल्यावर एक खोली, ओट्याचं स्वयंपाकघर, छोटी मोरी. भिंतींना पोपटी रंग, तोही जिथं कपाट होतं तिथं वेगळा. पण दार स्वतंत्र होतं. ईश्वरीनं आतून कडी लावली, काढली, परत लावली. सोनपेठच्या घरात तिला कधी कडी लावायची वेळच आली नव्हती. तिथं कोणी ना कोणी दारातून आत-बाहेर करतच असायचं.

संसार हळूहळू जमला. शेगडी आली. शंतनुनं त्याचा जादाचा छोटा सिलिंडर खाली आणून दिला. नव्या घरात दूध उतू घालायचं म्हणून ईश्वरीनं पातेलं ठेवलं, आणि दोघं पूर्वेकडं तोंड करून साय फुगताना बघत उभे राहिले. दूध वर आलं तेव्हा त्याचा हात सवयीनं बटणाकडं गेला, तिनं तो धरला.

"जाऊ दे उतू."

हात सोडायला दोघांनाही जरा उशीरच झाला.

पडद्याची दांडी लावायला तो ड्रिल घेऊन आला. खाली बायनाबाई तांदूळ निवडत बसलेल्या.

"ताई, भोक कुठं पाडू?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

ईश्वरीनं आधी जिन्याखाली, बायनाबाईंच्या दाराकडं नजर टाकली, मगच हसू दाबलं. तो आवाज उतरवून म्हणाला, "ईश्वरी, स्टूल धर जरा. हलायलंय."

"स्टूल हलायलंय का तू?"

"दोघंबी."

नियम असा पडून गेला. बायनाबाई ऐकत असतील तर 'ताई', नसतील तर 'ईश्वरी'. त्यानं ताई म्हटलं की तिची नजर आपोआप खालच्या दाराकडं जायची. नळ चार-आठ दिवसांनी यायचा. आला की अख्खी गल्ली जागी व्हायची, आणि तिच्या ड्युटीच्या वेळी पाणी आलंच तर संध्याकाळी तिची कळशी दाराशी भरलेली असायची, वर ताट झाकून. ताटाखाली कधी मोगऱ्याची फुलं तरंगत.

"पिण्याच्या पाण्यात फुलं कोण टाकतं रे?"

"तुझा भाऊच आसंल," तो म्हणायचा.

एकदा गच्चीवर कपडे काढताना तिनं विचारलंच. "तू आत्याचा मुलगा का नाही झालास?"

"कळशीवर मावशी होती."

"आणि आत्या असती तर?"

"तर काकूनं आपल्या दोघांलाबी हाकललं असतं. आत्याच्या पोराचा काय भरवसा?"

"का बरं?"

"त्याला..." तो चादरीच्या घडीकडं बघत राहिला. "त्याला मागणी घालायचा हक्क असतो."

चादर दोघांच्या हातात ताणलेली. घडी घालताना एकमेकांकडं चालत यावं लागतं. ते आले. मग बराच वेळ कोणी मागं सरकलं नाही.

श्रावण लागला. रिमझिम पडायची, उघडायची, परत पडायची. राखीच्या आदल्या संध्याकाळी बायनाबाई वर येऊन सांगून गेल्या, "उद्या ओवाळायचंय बरं का. राखी मीच आणलीय, गोंड्याची. भाऊ-बहीण एका छपराखाली अन् हात मोकळा, बरं दिसतंय का?"

त्या गेल्यावर दोघंही हसले. मग हसू थांबलं.

"मी उद्या खरं सांगून टाकतो," शंतनु म्हणाला.

"आणि खोली?"

"दुसरी बघू."

"बघू म्हणजे? तुला कुणीही देतं. मला दारातूनच परत लावतात."

"मग लग्न करू. पालमला जाऊन आईला सांगतो. मग कोण न्हाई म्हणतंय?"

तो किती सहज म्हणाला... ईश्वरीला वाटलं, हेच तर ऐकायचं होतं आपल्याला. तरी तिनं दाराच्या कडीकडं बघितलं. सोनपेठच्या घरातून नवऱ्याच्या घरात. मधली ही पोपटी भिंतींची खोली नुकतीच कुठं तिची व्हायला लागली होती.

"निदान वर्षभर थांबशील?"

"थांबतो की. पण राखी न्हाई बांधून घ्यायचो. सांगू ना?"

"सांग," ती म्हणाली.

सकाळी बायनाबाई ताट घेऊन आल्या. पाट मांडला. शंतनु बसला नाही. कुंकवाचं बोट कपाळाशी येताच त्यानं मान मागं घेतली.

"काकू, एक सांगायचं होतं. ईश्वरी माझी..."

बायनाबाई थांबल्या. ईश्वरीनं त्यांचा चेहरा बघितला. त्यांच्यामागं ओटा होता, ओट्यावर तिनं हातानं चिकटवलेला प्लास्टिकचा कागद, खिळ्याला किल्ली. आज ही किल्ली गेली तर संध्याकाळची गाडी. आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला सांगून आलेलं स्थळ.

"...माझी लाडकी बहीण आहे, हेच सांगायचंय त्याला," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "लाजतोय. बस की रे दादा."

शंतनुनं तिच्याकडं बघितलं. तो तिला तिथंच उघडं पाडू शकला असता. तो पाटावर बसला आणि त्यानं हात पुढं केला. ईश्वरीनं गाठ मारली. सैल वाटली म्हणून परत एकदा मारली.

"हलू नका, फोटू काढते!" बायनाबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत तो फोटो त्यांच्या स्टेटसला लागला, खाली दोन दिवे आणि 'बहीण-भावाचं प्रेम'. लेकरावर लक्ष ठेवा म्हणून शंतनुच्या आईनं त्यांचा नंबर घेऊन ठेवलेला होताच; बायनाबाईंना ती 'शंतनुची आई' एवढीच ठाऊक.

संध्याकाळी तो दारात उभा राहिला. आत आला नाही.

"आईचा फोन आलता. रडायली होती. म्हणली, तुला बहीण न्हाई म्हणून दर राखीला माझा जीव तुटायचा, मानलेली का होईना, देवानं दिली. पोरीला घेऊन ये म्हणायलीय. साडी घेऊन ठेवते म्हणली."

"शंतनु, धागाच आहे तो. काढून टाक."

"काढला की." त्यानं मोकळं मनगट दाखवलं. "आईच्या डोक्यातून कसा काढू?"

"मी घाबरले रे..."

"म्हाईत हाय." तो शांतपणे म्हणाला. "घाबरलीस म्हणून राग न्हाई. मी बोलायलो होतो, ईश्वरी. मी तोंड उघडलं होतं."



महिनाअखेर त्यानं जिंतूरकडची कामं मागून घेतली. सामान फारसं नव्हतंच. सिलिंडर तिच्याकडंच राहू दे म्हणाला. जिना उतरताना तिच्या दाराशी थांबला. ईश्वरी उंबऱ्यात उभी होती, हातात भरलेली कळशी, कारण पाणी नेमकं त्याच सकाळी आलं होतं.

"पोचलास की कळव," ती म्हणाली.

तो हसला. जिन्यावर पहिल्या दिवशी हसला होता तसा नाही.

"येतो, ताई."

सवयीनं तिची नजर खाली बायनाबाईंच्या दाराकडं गेली. दाराला कुलूप होतं.